दिनकर, तुझ्या हाराचं काय झालं ते सांगतो

दिनकर, आधी सांगून टाकतो. हार घातला. तुझ्या फोटोला, ताजा, झेंडूचा, मधनंमधनं निशिगंध. दवाखान्यात माझं मनगट धरून तू बजावलं होतंस, "म्हाद्या, माझ्या फोटोला हार घालायचा न्हाई. घातलास तर तुझ्या भोंग्यात येऊन बसीन." मी व्हय म्हणालो होतो. तरी काल तुझ्या शोकसभेत हार पडलाच. बोंबलू नकोस. आधी सगळं ऐकून घे, मग खुशाल भोंग्यात ये. तसाही तू गेल्यापासून तो घरघरतोय. आत तूच बसला असशील तर एकदा खोकून दाखव.

तुझं जन्मगाव, शिक्षण, मागं कोण कोण आहे, हे सगळं पेपरात येऊन गेलं. 'ज्येष्ठ छायाचित्रकार' असं छापलं होतं. ज्येष्ठ! तुला एवढी चांगली शिवी मी पण कधी दिली नव्हती. मी त्यातलं काही लिहिणार नाही. मी लिहिणार आपल्या भांडणाबद्दल, कारण ते अर्धंच राहिलंय. आपण भांडत होतो, तेवढ्यात तू उठून गेलास. ह्याला रडीचा डाव म्हणतात.

मी कोण हे तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मी रिक्षावर भोंगा लावून सांगलीभर ओरडत फिरणारा माणूस. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, उमेदवार उभा राहिला, म्हैस हरवली, सगळं माझ्याच तोंडून. हरवलेली म्हैस मी अशी वर्णन करायचो की सापडल्यावर मालक म्हणायचा, ही आमची नव्हं, आमची लय देखणी होती.

आणि तू? आपली ओळख आष्ट्याच्या लग्नात झाली. मी माईकवर, "वधूचे मामा जिथं असतील तिथून" वगैरे. तू उंब्रजहून सांगलीत येऊन नवा स्टुडिओ टाकलेला, लग्नाची ऑर्डर घेऊन आलेला. अक्षता पडत होत्या तेव्हा तू मांडवात नव्हतासच. तू मागं चुलवाणापाशी. बुंदी पाडणारी बाई, भांडी घासणाऱ्या पोरी, ढोलावर डोकं ठेवून झोपलेला बँडवाला, ह्यांच्यापुढं तू गुडघ्यावर बसलेला. मला वाटलं, ह्याला कुणीतरी जेवायला वाढत नाहीये.

पुढं तू अल्बम घेऊन आलास. मी माझी राहिलेली वायर न्यायला आलो होतो म्हणून हा सोहळा मला बघायला मिळाला. नवरीच्या बापानं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग सगळा अल्बम उलटा धरून झटकला.

"नवरी कुठाय रं ह्यात?"

"ही काय," तू शांतपणे बोट ठेवलंस. "ह्या बुंदीवाल्या बाईच्या खांद्यामागं."

पुढचं मी हजार वेळा सांगितलंय आणि दर वेळी तू मला अडवलंयस. आज अडवायला तू नाहीस, तेव्हा नीट सांगतो. म्हातारा कासरा घेऊन धावला, तू माझ्या रिक्षात उडी मारलीस, आणि माझा माईक चालू राहिला होता. सबंध आष्ट्यानं ऐकलं, "आरं जोरात घे, त्यानं चप्पल काढली!" म्हातारा कासरा फिरवत सांगलीच्या पुलापर्यंत आला. वाटेत दोनदा पाणी प्यायला थांबला, तेव्हा आपणपण थांबलो, म्हातारा माणूस आहे म्हणून.

तुझं म्हणणं, तो पहिल्या वळणावरच माघारी गेला.

इथंच आपलं भांडण सुरू झालं बघ. तू म्हणालास, "म्हादू, तू हाय त्याच्या दहापट सांगतोस. मी हाय तेवढंच दाखवतो. फरक हाय आपल्यात." मी म्हणालो, "हाय तेवढंच दाखवलंस तर बघतंय कोण? हाय तेवढं तर लोकांच्या दारात रोज उभं असतंय, आणि ते कडी लावून घेतात." त्या दिवसापासून तुझा कॅमेरा आणि माझा भोंगा एकाच रिक्षात बसून एकमेकांशी भांडत राहिले.

मग तुला मार्केट यार्डातल्या त्या हळदीच्या शेडचा नाद लागला. शेतातनं आलेली हळद तिथं पॉलिश व्हायची, आणि बायका जमिनीवर रांगेनं बसून हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं निवडायच्या. पत्र्याची शेड, वारं नाही, आणि पॉलिशच्या ड्रममधून धूळ अशी उडायची की आत शिरणारा माणूस बाहेर येताना नवरदेव होऊन यायचा. एखादी शिंकली की समोरचीला हळद लागायची. तसं बघितलं तर त्या शेडमध्ये प्रत्येकीचं दिवसातून दहा वेळा लग्न लागत होतं. खरं दुखणं खोकल्याचं होतं. त्यांना हवा होता एक पंखा, धूळ बाहेर ओढणारा. मालकाला सांगून सांगून त्या दमल्या होत्या. मालक म्हणायचा, "हळदीनं कुणाला काय होतंय? हळद तर औषध हाय."

तू गेलास ते कॅमेरा पिशवीत ठेवून. पहिले कितीतरी दिवस नुसता बसून हळद निवडलीस. तीही चुकीची. गोदाक्कानं, म्हणजे त्या रांगेतल्या सगळ्यात थोरल्या बाईनं, तुझा ढीग बघून सांगितलं, "आवं पावणं, तुमी फोटूच काढा. ह्यो ढीग आमाला परत निवडाय लागतुया."

आणि तुझी ती रीत! मी ती सगळीकडं सांगतो, आणि ह्यात मी पदरचं काही घालत नाही, घालायची गरजच नाही. आधी तू प्रत्येकीला स्टुडिओत बोलावलंस. ठेवणीतलं लुगडं, तोंडाला पावडर, मागं पडद्यावर ताजमहाल, बाजूला टेबलावर प्लास्टिकची फुलं, आणि रंगीत फोटो. तिला हवा तसा. तो तिला देऊन टाकायचास. "आधी तुमच्या मनाचा," तू म्हणायचास, "मग माझ्या मनाचा." मग तू शेडमध्ये कॅमेरा काढलास तेव्हा कुणी पदर सावरला नाही की हसून ताठ बसलं नाही. चांगला फोटो घरी पेटीत ठेवलेला होता ना! आता कसाही येऊ दे.

फक्त एक वाईट झालं. तुझ्या मनाचे फोटो काळेपांढरे निघाले. गोदाक्कानं आपला फोटो हातात घेतला आणि तुझ्याकडं असं बघितलं, जसं काही तू तिची गाय विकून आलायस.

"आगं आय्या! एवढी पिवळीधम्मक हळद, आन् काळी केली? कोळशाच्या वखारीत बसल्यागत दिसतोय की आमी!"

तू म्हणालास, "आक्का, रंग आला की लोकं हळद बघत्यात. बाई बघत न्हाईत."

तिनं फोटो परत उजेडात धरला. मग म्हणाली, "व्हय. त्ये बी खरं हाय." मी तोंड उघडणार होतो, पण आक्कालाच पटलं तर मी कोण.

आता तुझ्या बायकोकडं, आमच्या मंगलवहिनींकडं येतो, आणि इथं तू जरा अवघडून बसशील. बस.

फोटो काढायचास तू. धुवायच्या वहिनी. आपल्या भाषेत फोटो धुतात म्हणतात, आणि तुझ्या घरात ते अक्षरशः धुणंच होतं. बाथरूमच्या खिडकीला घोंगडं, तांबडा बल्ब, पाटावर औषधाच्या तीन थाळ्या, आणि दारावर आतनं कडी. आंघोळीला तू शेजाऱ्यांकडं जायचास. एकदा तर तुझ्याकडं आलेले पाहुणे पाच दिवस राहून तसेच पारोसे परत गेले म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांना ओले फोटो लटकायचे: हमाल, गोदाक्का, मध्ये तुझा बनियन, परत गोदाक्का.

एकदा गोदाक्का हट्टानं आत बघायला गेली. पांढरा कागद पाण्यात पडला. वहिनींनी थाळी हळूहळू हलवली. आधी दोन डोळे आले, मग कपाळ, मग पदराची कड. आतनं आरोळी आली, "आगं बया! म्या पाण्यातनं वर आली!" आणि बाहेर आल्यावर तिनं तुला काय ऐकवलं, ते तू पुढं कधी कुणाला सांगितलं नाहीस. मी सांगतो.

"तुमी काय हो, एक डोळा झाकताय आन् बोट दाबताय. दिसभर काळोखात हात भिजवत कोण बसलंय?" मग वहिनींचे हात धरून उलटेपालटे केले. औषधानं बोटं तपकिरी झालेली. आपले पिवळे हात त्यांच्याशेजारी ठेवले. "बघा. आमची हळद निघत न्हाई, हिचं ह्ये निघत न्हाई. एकाच कारखान्यातल्या हाव."

तू हसलास. मीपण हसलो. वहिनी मात्र आत गेल्या, कारण थाळीत दुसरा फोटो होता. तुला माहीत होतं का रे, त्या किती फोटो परत पाठवायच्या? "ह्यात आक्का न्हाई, नुसतं पोतं आलंय. उद्या परत जावा." आणि तू जायचास, निमूट, शाळेत पाटी पुसून परत लिहायला लावल्यासारखा. ज्या फोटोंसाठी लोक तुझं नाव घेतात, ते बहुतेक दुसऱ्या खेपेचे. खाली नाव मात्र एकच, तुझं. दोन जिल्ह्यांतल्या कामकऱ्यांचे फोटो काढलेस गड्या, लोणंदच्या कांद्याच्या बाजारापासून तासगावच्या बेदाण्यापर्यंत. घरातली एक कामकरी तेवढी राहून गेली. वहिनींचा एकही फोटो तू काढला नाहीस. मी एकदा हे बोललो तर तू म्हणालास, "ती कुठं पुढं येतीया? ती आत असती." मी तेव्हा भोंगा असूनही पुढं काही बोललो नाही. तेवढं एक मी कमी बोललो होतो, ते आज भरून काढतोय.

आता प्रदर्शन. दिनकर, हे मात्र मला जसं आठवतं तसंच सांगणार.

हॉल ठरला, फ्रेमा भिंतीला लागल्या. पाहुणे म्हणून कुणीतरी मोठे साहेब येणार होते. शेडचा मालकपण पुढच्या खुर्चीत बसायला येणार होता, कारण त्याला वाटलं होतं हळदीचं प्रदर्शन आहे. तू दुपारी वहिनींना आणायला घरी गेलास, मी रिक्षा घेऊन जाहिरातीला. हॉलवर राहिला एकटा नामदेव शिपाई. आता नामदेवचं आयुष्य गेलं त्या हॉलमध्ये. त्यानं बघितलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात एकच: प्रतिमापूजन. भिंतीवर फ्रेम आहे, काळापांढरा फोटो आहे, आत बाई हसत नाही, मग ती जिवंत कशी असेल? त्यानं आपल्या मनानं फुलवाल्याकडं निरोप पाठवला, जेवढ्या फ्रेमा तेवढे हार. आणि घातले. प्रत्येक फोटोला. खाली उदबत्तीसुद्धा लावली, पदरमोड करून.

आपण तिघं पोचलो तेव्हा साहेब आधीच आत होते, चपला काढून, हात जोडून, एकेका फोटोपुढं मान झुकवत.

"एवढ्या भगिनी!" साहेबांचा आवाज भरून आला होता. "कशानं गेल्या हो ह्या?"

मागनं कुणीतरी म्हणालं, "धुळीनं, साहेब."

शेडचा मालक खुर्चीत असा दबला की नुसती खुर्चीच दिसायला लागली. तू पुढं धावलास, "आवं साहेब, तसं न्हाई," पण साहेबांनी हात वर केला. "नंतर. आधी दोन मिनिटं शांतता." आणि सगळे उभे राहिले. मालक पण. तुझं तोंड उघडंच, पण शांततेत बोलणार कसा? मी तुझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला हसू फुटलं असतं आणि ते पुढच्या चौकात ऐकू गेलं असतं.

त्या शांततेत दार वाजलं. शेड सुटल्यावर बायका थेट कामावरून आल्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या, पुढं गोदाक्का. साहेबांनी डोळे उघडले. भिंतीकडं बघितलं. दाराकडं बघितलं. परत भिंतीकडं. माझ्या सांगण्यात साहेब इथं बेशुद्ध पडतात, पण आज तुझ्या शब्दाला मान देऊन सांगतो, त्यांनी फक्त खांबाला धरलं.

तू वेड्यासारखा हार काढायला धावलास, "काढा ते! जित्या बायका हायत त्या!" पण गोदाक्का तुझ्या आधी भिंतीपाशी पोचली. आपल्या फोटोकडं निवांत बघितलं.

"ह्यो हार माझ्या नावाचा हाय न्हवं?"

नामदेव खाली मान घालून म्हणाला, "व्हय, आक्का."

"मग फोटूला कशाला? फोटूला काय मान कळतुया?" तिनं हार काढला आणि आपल्या गळ्यात घातला. मागोमाग सगळ्यांनी आपापले हार शोधले. "आगं ह्यो माझा न्हाई, माझा त्यो पल्याडचा, डोळं मिटलेला." दोघींची तर हारावरून भांडणं लागली. मग साऱ्याजणी हार घालून पुढच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या, पाहुण्यांच्या. साहेबांना घालायला एकही हार उरला नाही.

गोदाक्का तिथनंच म्हणाली, "साहेब, अजून जित्या हाव. पर पंखा न्हाई बसला तर ह्यो हार परत भित्तीवर जायला वेळ न्हाई लागायचा."

साहेबांनी मालकाकडं बघितलं. मालकानं जमिनीकडं बघितलं. जमिनीनं काय केलं ते माहीत नाही. पण पंखा बसला. असा मोठा की पहिल्या दिवशी मालकाची टोपी ओढून घेऊन गेला. टोपी पुढं मिरजेत सापडली.

आणि भांडण पेटलं ते तिथनं. तू म्हणायचास, पंखा फोटोंनी आणला. मी म्हणायचो, हारांनी. "फोटो बघून कुणी पंखा बसवत न्हाई रं, हार बघून बसवत्यात." तू चिडायचास, "माझ्या कामाचा नामदेवनं तमाशा केला." मी म्हणायचो, "नामदेव हा ह्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा कलाकार." उंब्रजच्या वाटेवर, लोणंदच्या बाजारात, जिथं जाऊ तिथं हेच. लोणंदला कांद्याच्या हमालांचे फोटो काढताना तुझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तेव्हा मी सगळ्या बाजाराला सांगितलं, "लय हळवा माणूस हाय, गरिबी बघवत न्हाई त्याला." तू नाक पुसत ओरडलास, "कांदा हाय, भडव्या, कांदा!" हमाल पोती टाकून हसले, आणि तोच तुझा लोणंदचा सगळ्यात चांगला फोटो. सांग बरं, तो कुणामुळं आला?

आता उत्तर दे की.

असो. तेव्हापासून आपल्या मंडळींत एक रीत पडली. शेडमधल्या बायकांत हार म्हणजे जित्या माणसाचा. गोदाक्काच्या नातीनं बारावी पार केली, तिच्या गळ्यात हार. कुणी पडून उठली, दवाखान्यातनं आली, हार. म्हणूनच तू मला दवाखान्यात ते वचन द्यायला लावलंस ना? जो उठून हार घेऊ शकत नाही, त्याला तो घालू नये म्हणून? की नुसता नामदेववरचा राग होता? हे विचारायचं राहिलं. मला वाटलं होतं, घरी आलास की विचारू.

काल सभा होती. त्याच हॉलमध्ये. फोटो तुझा ओळखपत्राचा, मोठा केलेला, कारण दुसऱ्यांच्या मागं लागून तू स्वतःचा धड एक काढून ठेवला नाहीस. त्या फोटोत तू हरवलेल्या म्हशीसारखा दिसतोस. मी दाराशीच उभा, पहारा देत, हार आत येऊ द्यायचा नाही म्हणून. पण तुझे थोरले बंधू, आबा, उंब्रजहून पिशवीतनं हार घेऊन आले. मी म्हणालो, "आबा, त्याची इच्छा न्हवती." ते म्हणाले, "म्हादू, माझा धाकटा भाऊ गेलाय. मला तेवढं करू दे." मी बाजूला झालो. दिनकर, वचन मोडलं ते असं.

आबांनी हार घातला. वहिनी तुझ्या फोटोजवळ पुढं बसायला निघाल्या तर कुणीतरी हळूच म्हणालं, "मंगल, तू मागं बस, बायकांत. बरं दिसत न्हाई." त्या मागं गेल्या. मांडीवर तुझी कॅमेऱ्याची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. भाषणं सुरू झाली. एकानं तुला 'दीपस्तंभ' केलं, दुसऱ्यानं 'वटवृक्ष'. मी मनात म्हणत होतो, हा गेला तो हेच टाळायला.

तेवढ्यात दार वाजलं. शेड सुटली होती. गोदाक्का आता पार वाकलीय, नातीच्या खांद्याला धरून चालते, आता निवडायला जात नाही, पण दिवसभर शेडमध्ये बसून पोरींना शिव्या देते म्हणून पिवळी ती आहेच. ती सरळ तुझ्यापाशी गेली. हाराकडं बघितलं.

"ह्यो कुणाचा हार?"

आबा म्हणाले, "दिनकरचा, आक्का."

"मग उठून घे की रं बाबा," ती तुझ्या फोटोला म्हणाली.

तिनं थोडा वेळ वाट बघितली. जणू तू कुठंतरी मागं बुंदीवाल्या बाईचा फोटो काढत असशील आणि येशील म्हणून.

"न्हाई उठत," ती म्हणाली. "मग मानकरी कोण ह्येचा?" तिनं हार काढला, वळली, आणि खुर्च्यांमधनं वाट काढत मागं, वहिनींपुढं जाऊन उभी राहिली.

आबा उठले. "आवं आक्का, असं नसतंय करायचं. आता तिचं कसं हाय..."

"काय कसं हाय? हात गेलं का तिचं?" गोदाक्का वळलीसुद्धा नाही. "माझा मालक जाऊन किती वर्सं झाली. कपाळाला हळद चालत न्हाई म्हणून लोकांनी सांगितलं, आन् सकाळी उठून म्या हळदीतच जाऊन बसली. काय वाकडं झालं ओ? तुमच्या घरात शिजती ती हळद म्या निवडलीया."

आबा खाली बसले. मग एकदम म्हणाले, "घाल. तूच घाल आक्का." तुझा भाऊ चांगला आहे रे. उशिरा कळतं, पण कळतं. तुझ्यावरच गेलाय.

वहिनी "नको, नको" म्हणत होत्या. गोदाक्कानं ऐकलं नाही. हार गळ्यात घातला, दोन्ही पिवळ्या हातांनी वहिनींचा चेहरा कुरवाळला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. कडाकडा. गालांवर हळद उमटली. "फोटू त्येनं काढलं," ती सगळ्या हॉलला म्हणाली, "पर पाण्यातनं वर काढलं आमाला हिनं."

तेव्हा वहिनी रडल्या नाहीत, हे तुला सांगायलाच मी हे सगळं लिहितोय. त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग पिशवीतनं कॅमेरा काढला आणि मला म्हणाल्या, "म्हादूभावजी, हे गेले तवा रोल अर्धा ऱ्हायला होता. ह्यात फोटो शिल्लक हायत."

"वहिनी, मला कुठं येतंय?"

"एक डोळा झाकायचा आन् बोट दाबायचं," त्या म्हणाल्या. "एवढंच करत होते हे."

सगळा हॉल हसला. शोकसभेत! दीपस्तंभवाले सुद्धा. मी गुडघ्यावर बसलो, तुझ्यासारखा. वहिनी हारासकट माझ्याकडं बघत होत्या, बाजूला गोदाक्का. बोट दाबलं.

आज सकाळी वहिनींचा फोन आला. बाथरूमला परत घोंगडं लागलं. "भावजी, फोटो धुतला. तुमचं बोट आलंय अर्ध्या फोटोवर. माझं तोंड दिसत न्हाई, आक्काचं नुसतं नाक दिसतंय. पण हार काय झ्याक आलाय! एकेक फूल मोजून घ्यावं." आणि मग, "ह्याच्याखाली नाव कुणाचं घालायचं?"

मी म्हणालो, "धुणारीचं घाला. काढणाऱ्याचं बोट आलंय, तेवढं बास."

तेव्हा ऐक, गड्या. फोटो फसला आणि हार आला. आपलं भांडण मिटलं. मी जिंकलो, पुराव्यासकट, आणि पुरावा तुझ्याच घरातला, तुझ्याच रोलवरचा, काळापांढरा, हाय तेवढाच.

सकाळपासून तीनदा रिक्षा काढली आणि परत लावली. भोंगा चालू करून बघितला. घरघरतोय नुसता. काहीतरी उलटं बोल की रं. तू उलटं बोलल्याशिवाय मला जिंकल्यासारखं वाटेना झालंय.